अस्थानालंकारमीमांसा

नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे विवेचन करताना भरतमुनींनी आभूषणांचे चार वर्ग सांगितले आहेत. अंगास छिद्र पाडून घालावयाचे ते आवेध्य, उदाहरणार्थ कुंडल. बांधावयाचे ते बंधनीय, उदाहरणार्थ कटिसूत्र. पायांत चढवावयाचे नूपुरादी ते प्रक्षेप्य, आणि गळ्यात सोडावयाचे हारादी ते आरोप्य. हे वर्गीकरण इतके नेटके आहे की त्यात भर घालण्याचे प्रयोजन सहसा जाणवत नाही. ते जाणवते सकाळच्या भाईंदर-चर्चगेट लोकलच्या महिला डब्यात, समोरच्या प्रवासिनीच्या बांगडीला लटकणाऱ्या तीन सेफ्टी पिना पाहिल्यावर. त्या पिनांनी मनगटास छिद्र पाडलेले नाही, म्हणून त्या आवेध्य नव्हेत. त्या बांधलेल्या नाहीत, चढवलेल्या नाहीत, सोडलेल्याही नाहीत. फार काय, त्या अंगावर नाहीतच. त्या अंगावरील अलंकाराच्या अंगावर आहेत. चारही वर्ग येथे हात टेकतात आणि पाचव्याची स्थापना अपरिहार्य होते. प्रस्तुत निबंधात त्यास ‘अस्थानालंकार’ अशी संज्ञा दिली आहे.

लक्षणसूत्र असे: स्वस्थानच्युतं कार्यविरतं देहधृतं वस्त्वस्थानभूषणम्. जी वस्तू आपल्या नेमल्या जागेवरून हललेली आहे, जिने आपले नेमले काम थांबवले आहे, आणि तरीही जी देहावर धारण केली जाते, ती अस्थानालंकार होय. तिन्ही अटी एकसमयावच्छेदेकरून पूर्ण झाल्या पाहिजेत. उघडून डोक्यावर धरलेली छत्री हे केवळ साधन. तीच मिटून, मुठीच्या बाकाने शर्टाच्या मागच्या कॉलरीत अडकवली की अलंकार. घोट्यावरचा काळा दोरा मात्र या शास्त्रात येत नाही, कारण तो आपल्या जागी असून दृष्ट लागू न देण्याचे काम अहोरात्र करीत असतो.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चे’त बजावून ठेवले आहे की मेखला गळ्यात, हार कमरेला आणि नूपुर हातात घातले तर हसेच होणार. योग्य जागी असणे हाच अलंकाराचा प्राण, असे त्याचे मत. एका सर्वश्रुत सुभाषितानेही दात, केस, नखे आणि माणसे ही चौकडी जागेवरून हलली की शोभत नाही, असा निर्वाळा दिला आहे. यांपैकी दात, केस आणि नखे यांच्याविषयी प्रस्तुत लेखिकेचा वाद नाही. माणसांविषयी आहे. परळ-लालबागच्या चाळीतून किंवा गिरगावातून उठून मीरा रोडच्या वन बीएचकेत आलेला मनुष्य शोभत नाही, असे विधान कोणत्याही पंडिताने शांतीनगरातील एखाद्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत करून पाहावे.

उत्तरपक्षासाठी इतिहासाचा दाखला खाडीपलीकडेच उपलब्ध आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि तेथील चर्चच्या घंटा काढून देशावरच्या देवळांत नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ हे साल कोरलेली घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा या त्यांतल्याच. घंटा वाजते, मग ती कार्यविरत कशी, असा आक्षेप कोणी घेईल. ज्या प्रार्थनेसाठी ती ओतली गेली त्या प्रार्थनेसाठी ती आता वाजत नाही, हे त्याचे समाधान. ती आपल्या जागेवरून हलली आणि देवळाचे भूषण झाली. क्षेमेंद्राचा सिद्धांत अशा रीतीने वसईच्या खाडीत बुडतो.

आता क्षेत्रविचार. या शास्त्राची जन्मभूमी मीरा-भाईंदरच का, याचे कारण भौगोलिक आहे. दक्षिणेस दहिसर चेकनाका, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र आणि पूर्वेस घोडबंदरचे डोंगर, यांमध्ये मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर एकेकाळी जगणारा हा प्रदेश. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. लोकसंख्या अशी वाढली तरी माणशी हातांची संख्या मात्र दोनच राहिली. चर्चगेट भाईंदरहून सुमारे ४३ किलोमीटर. विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरलेल्या प्रवाशाचा एक हात कडीला, दुसरा पर्सवर. इतर सर्व वस्तूंना तिसरा हात लागतो आणि तो नाही. जे धरता येत नाही ते धारण करावे लागते, हा या शास्त्राचा मूलसिद्धांत असून त्यास ‘तृतीयहस्ताभाववाद’ म्हणतात. रिटर्न मारून, म्हणजे मीरा रोडहून उलट विरारकडे जाऊन, खिडकी पटकावणाऱ्या पंथास हा वाद मान्य नाही. त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे त्यांच्या मताचा येथे विचार केलेला नाही.

प्रकार पहिला: कंकणस्थ सूची

सेफ्टी पिनेचे एकस्व न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १० एप्रिल १८४९ रोजी मिळवले आणि एक किरकोळ कर्ज फेडण्यासाठी ते ४०० डॉलरला विकून टाकले. आपण वस्त्रे जोडण्याचे साधन शोधले अशी त्याची समजूत होती. पदराला, निऱ्यांना किंवा ओढणीला लावलेल्या पिनेपुरती ती खरीही आहे. परंतु लावलेली पिन ही सेवक होय; शास्त्राचा विषय आहे ती न लावलेली, राखीव, बांगडीत वाट पाहणारी पिन. तिचे सौंदर्य तिच्या संभाव्यतेत आहे.

या प्रकारात दोन संप्रदाय दिसतात. प्राचीन संप्रदाय मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत किंवा वाट्यांशेजारी पिन अडकवतो. त्यांचे म्हणणे, मंगळसूत्र रोज उतरवले जात नाही, सबब पिन घरी विसरत नाही. अर्वाचीन कंकणवाद्यांचा आक्षेप असा की मंगळसूत्र आता शॉर्ट झाले आहे आणि आखूड मंगळसूत्रातील पिन चारचौघांत गळपट्टीसारखी दिसते. शिवाय दारातल्या गर्दीत चढताना मंगळसूत्र मुठीत धरावे लागते, तेव्हा आतली पिन तळहाताला टोचते. हा आक्षेप सबळ आहे. कंकणवादी स्वतःही निर्दोष नाहीत, कारण त्यांच्या काचेच्या बांगड्या दादरला उतरेपर्यंत निम्म्याच उरतात आणि पिना तेवढ्या शाबूत राहतात. हिशेब करता मूळ अलंकार कोणता आणि आश्रित कोणता, असा प्रश्न पडतो.

पिनेचे हस्तांतर कसे होते, हे निरीक्षणार्थ नोंदवले पाहिजे. मीरा रोड सुटले. उभ्या असलेल्या एका तरुणीचा पदर कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकून सुटला.

“काकू, पिन आहे का हो?”

“आहे ना. मोठी देऊ का बारीक?”

“मोठीच द्या, पदराला हवीय.”

काकूंनी कडी सोडली नाही. हनुवटीने बांगडी वर सारली, दातांनी पिनेचे टोपण उघडले, पिन सोडवली आणि ओठांत धरून पुढे केली. मधल्या दोघींनी ती हातोहात पोचवली. पिन परत मागणे शास्त्राने निषिद्ध मानले आहे, आणि परत देऊ करणे हा अपमान. मोठ्या पिनेच्या जागी दुसऱ्या दिवशी बांगडीत नवी पिन असते. ती कोठून येते याचा उलगडा झालेला नाही. साड्यांच्या दुकानातून नव्या साडीबरोबर येते, असा एक तर्क आहे.

प्रकार दुसरा: मणिबंधस्थ केशबंध

केस बांधण्याचे रबर मनगटावर. काळे रबर नित्य, रंगीत नैमित्तिक, वेलवेटचे फुगीर काम्य. खिडकीशी जागा मिळाली की वाऱ्याने केस उडतात, रबर मनगटावरून केसांत जाते आणि तेवढ्यापुरते अलंकारपदावरून पदच्युत होऊन कामाला लागते. अंधेरीला खिडकी सोडली की परत येते. मनगटावर त्याचा जो वळ उठतो त्यास ‘वलयचिन्ह’ म्हणावे. स्मार्ट घड्याळाच्या पट्ट्याचा वळ त्याहून रुंद असल्यामुळे दोहोंत गल्लत संभवत नाही.

या प्रकाराची सिद्धावस्था दुर्मिळ आहे. केस कानापर्यंत कापून टाकलेली स्त्री मनगटावर रबर बाळगते, तेव्हा ते रबर पुन्हा कधीही कामाला लागण्याची शक्यता उरत नाही. कार्यविरती येथे पूर्णत्वास पोचते. क्लचरविषयी एवढे सांगणे पुरे, की तो पर्सच्या पट्ट्याला चावून बसतो.

प्रकार तिसरा: कंठस्थ परिचयपट्टिका

कार्यालयाचे ओळखपत्र आणि त्याची पट्टी. तिचे स्वस्थान एकच: कार्यालयाच्या दारातील यंत्र. परंतु ती घरातून निघतानाच गळ्यात पडते आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर मेथीच्या जुड्या निवडतानाही गळ्यातच असते. मेथीवाल्याने ते ओळखपत्र यंत्राप्रमाणे वाचून भाव कमी केल्याचे आढळलेले नाही, तेव्हा कार्यविरतीची अट पूर्ण होते.

उपप्रकार तीन. विन्मुख: कार्ड उलटे, पाठ बाहेर. यात धारकाची इच्छा नसून फोटोची लज्जा आहे, कारण तो नोकरीच्या पहिल्या दिवशी, बहुधा भिजून आल्यावर, काढलेला असतो. गुप्तपदक: कार्ड शर्टाच्या खिशात, पट्टी तेवढी बाहेर. हा पुरुषप्रिय उपप्रकार असून पट्टीवरील कंपनीचे नाव छातीवर दोनदा वाचता येईल अशी योजना असते. तिसरा, गर्भित: बँकेतून निवृत्त झाल्यावरही किल्ल्या त्याच पट्टीला लावून गळ्यात घालणारे. अलंकारत्व कार्डात आहे की पट्टीत, हा वाद या तिसऱ्या उपप्रकाराने पट्टीच्या बाजूने कायमचा निकालात काढला आहे. पट्टी म्हणजे मोहनमाळ, कार्ड म्हणजे केवळ पदक. आणि मोहनमाळ पदकावाचून शोभते, हे कोणतीही आजी सांगेल.

प्रकार चौथा: ग्रीवास्थ रुमाल

कॉलर आणि मान यांच्यामध्ये घडी घालून ठेवलेला रुमाल. तो घाम टिपतो, म्हणजे कामात असतो, म्हणून त्याचे अलंकारत्व दीर्घकाळ संशयास्पद मानले जात होते. या संशयाचे निरसन पश्चिम रेल्वेने केले. २५ डिसेंबर २०१७ रोजी या मार्गावर वातानुकूलित लोकल सुरू झाली. तीत घाम येत नाही. रुमाल मात्र कॉलरीत तसाच राहिला. एकच रुमाल, एकच मान; साध्या डब्यात तो साधन आणि वातानुकूलित डब्यात अलंकार. प्रायोगिक पुरावा याहून निर्णायक क्वचितच मिळतो, आणि तो सरकारी खर्चाने मिळाला.

डोक्यावर चढवलेला गॉगल, गाणे न वाजवता गळ्यात लोंबणारा नेकबँड, तर्जनीभोवती फिरणारी गाडीची किल्ली आणि पाठीवरून पोटावर आलेली सॅक हे प्रकार पाच ते आठ. ते सर्वत्र आढळतात आणि त्यांत स्थानिक विशेष काही नाही. सॅक स्वतः होऊन पुढे येत नाही, तिला सहप्रवासी ओरडून पुढे आणवतात, इतके नमूद करणे पुरे.

परिशिष्टरूपाने स्वस्थानी राहणाऱ्या अलंकारांचाही विचार केला पाहिजे, नाहीतर शास्त्र एकांगी ठरेल. याही बाबतीत भरतमुनींकडेच जावे लागते. रंगभूमीवर नटाने शुद्ध सोन्याचे जड दागिने घालू नयेत, त्यांच्या भाराने थकवा येतो, घाम येतो, मूर्च्छाही येते. त्याऐवजी लाखेचे हलके दागिने घालावेत, असा त्यांचा उपदेश आहे. लोकलच्या महिला डब्यातील परिस्थितीचे याहून अचूक वर्णन आजवर झालेले नाही. भरतमुनी हे इमिटेशन ज्वेलरीचे आद्य पुरस्कर्ते होत, आणि भाईंदरच्या गाळ्यांतून, त्यांच्याशी काही पत्रव्यवहार नसताना, त्यांच्याच मताची अंमलबजावणी चालू आहे. पितळेच्या साच्यावर सोनेरी पॉलिश, वर मीना, आणि खडे चिकटवण्याचे काम घरोघरी. जर्मन सिल्व्हरचे झुमकेही याच पंगतीतले. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदीचा अंशही नसतो. त्यामुळे चोराची निराशा होते, हा त्याचा गुण भरतमुनींच्या ध्यानात आला नसावा.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत भूषणयोजन ही एक कला सांगितली आहे. तिचे अध्यापन डब्यात फेरीवाल्या मावशी करतात. एका हातात कानातल्यांच्या कार्डांनी भरलेला मोठा पुठ्ठा, दुसऱ्या खांद्यावर क्लिपा, टिकल्यांची पाकिटे आणि पुन्हा सेफ्टी पिना. पुठ्ठा डोक्यांवरून मागे जातो. कुणी एक जोड कानाशी धरते, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहते, शेजारणीला दाखवते. शेजारीण ओळखीची असण्याची गरज नाही, तिचे मत मात्र बंधनकारक असते. “हे नको, ते लांबडे घ्या, तुमचा चेहरा गोल आहे,” असा निकाल मिळाला की पैसे पुठ्ठ्याच्या वाटेनेच परत जातात आणि उरलेली नाणी त्याच वाटेने येतात. एवढ्या हातांतून जाऊन हिशेब चुकत नाही.

या क्षेत्रात दोन मते प्रबळ आहेत. सावर्ण्यवादी पक्षाच्या मते कानातले, टिकली, बांगड्या आणि डब्याची पिशवी एकाच रंगाची हवीत. नवरात्राचे नऊ दिवस हा त्यांचा पर्वकाळ. एकनिष्ठ पक्ष बारा महिने एकच सोन्याची कुडी घालतो आणि सावर्ण्यवाद्यांच्या कानांकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. प्रस्तुत लेखिकेचा कल एकनिष्ठांकडे आहे, परंतु नवरात्रात तो डळमळतो.

अर्धवट प्रसाधनाची परंपराही जुनी आहे. ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात नगरात आलेल्या अजाला पाहण्यासाठी धावलेल्या स्त्रियांपैकी एकीच्या एकाच डोळ्यात काजळ होते, दुसरीचा सुटलेला केशपाश तिने तसाच हाताने धरला होता, तिसरीची अर्धी ओवलेली मेखला वाटेत सांडत गेली. कालिदासाने त्यांना तसेच सोडून दिले. मीरा रोडच्या स्त्रीला दहिसर आणि बोरिवली यांच्यामधला वेळ मिळतो आणि तेवढ्यात ती दुसरा डोळा पूर्ण करते. रुळांच्या सांध्यावर डबा हलतो, तेव्हा कांडी क्षणभर हवेत थांबते. पापणीला लागत नाही.

उत्तन, डोंगरी, पाली आणि चौक येथील प्राचीन शाखा या सर्व विवेचनापासून अलिप्त आहे. तेथील कोळीण मासे विकताना सोने अंगावर घालते, ते खरे असते, आणि जिथे असायला हवे तिथेच असते. पैसे कनवटीला, वेणी डोक्यात, कोयता हातात. तृतीयहस्ताभाव तिला ठाऊक नाही, कारण तिने दोनच हातांत तीन हातांचे काम बसवले आहे. अस्थानालंकाराचा सिद्धांत तिच्या पाटीपुढे मांडण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. “बोंबील घ्यायचे का नाय?” हा तिचा प्रतिप्रश्न असल्याने चर्चा पुढे गेली नाही.

शेवटी एका विवाद्य प्रकाराचा निर्णय देणे क्रमप्राप्त आहे. काशीमिरा ते गोल्डन नेस्ट या पट्ट्यातील दुचाकीस्वारांत हेल्मेट कोपरात घालण्याची प्रथा आहे. प्राचीन केयूर किंवा बाजूबंद याचेच हे विशाल रूप, असा एका पक्षाचा दावा असून लक्षणसूत्राच्या तिन्ही अटी तो वरकरणी पूर्ण करतो: वस्तू डोक्यावरून हललेली आहे, डोके वाचवण्याचे काम थांबलेले आहे, आणि ती देहावर आहे. तथापि इतर सर्व प्रकारांत वस्तूचे स्वस्थान रूढीने ठरते. येथे ते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने ठरवून दिले आहे. संसदेने ज्या वस्तूची जागा मस्तक म्हणून लिहून ठेवली तिला कोपरात अलंकारत्व देण्याचा अधिकार या शास्त्रास नाही. म्हणून कूर्परस्थ शिरस्त्राण अस्थानालंकारांच्या गणनेतून वगळण्यात येत आहे. धारण करताना ज्याची किंमत शासनानेच निश्चित केली आहे असा हा एकमेव प्रकार होता: कलम १९४ ड, दंड १,००० रुपये.